मोहाखाली ओढलेली काडी

चैत्र लागला की संध्याकाळी मी गच्चीवर जात नाही. गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो आणि या दिवसांत त्याच्या अंगावर कुठे ना कुठे आगीची रेघ असतेच. दिवस मावळला की ती उठून दिसते. पाहुणे आले तर म्हणतात, काय सुंदर, डोंगराला माळ घातल्यासारखं! नातसून फोटो काढते. मी खाली येतो, ओसरीवर बसतो, उठतो, पाणी पितो, पुन्हा बसतो. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाने एका जागी बसावं असं घरातल्यांना वाटतं. चैत्रात मला ते जमत नाही.

यंदा तर मुळीच जमलं नाही. डोंगराच्या पायथ्याच्या एका शाळेत माझ्या मुलीला, मंजुळाला, बोलायला बोलावलं होतं. ती बत्तीस वर्षं शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. विषय होता जंगल वाचवा. मला म्हणाली, आबा, चला, तेवढंच बाहेर पडाल. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. समोर जमिनीवर मुलं बसलेली, निम्म्याहून अधिक वरच्या पाड्यांवरची, पावरा आणि भिल्ल. मंजुळा चांगली बोलते. वणव्याने काय काय जळतं ते सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी पाच वर्षांची असताना जंगल पेटताना डोळ्यांनी पाहिलंय. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून एका माणसाने पाला पेटवला. मी तिथे होते. त्याने चकमक झाडली, ती ठिणगीसुद्धा मला अजून दिसते."

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, निळा झगा. "बाई, त्यांचं नाव काय होतं?"

"रुमाल्या," मंजुळा म्हणाली.

मुलगी खाली बसली. नाव त्यांच्याच पाड्यांवरचं होतं; तिच्या आजूबाजूची मुलं खाली पाहू लागली. मीही. खुर्चीचे हात मी इतके घट्ट धरले होते की नंतर बोटं सरळ होईनात. रुमाल्याने चकमक झाडली नव्हती. त्याच्याकडे त्या दिवशी चकमक नव्हतीच. काडी मी ओढली होती. हे माझ्याखेरीज डोळ्यांनी पाहिलेलं कुणी असेलच तर ती मंजुळाच, आणि तिच्याकडून ते मी काढून घेतलेलं आहे.

म्हणून हे लिहितो.

तेव्हा महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. धुळे हाच आमचा जिल्हा होता, नंदुरबार हे नुसतं स्टेशनचं गाव. ब्राह्मणपुरीत आमची गुजरांची शेती. कापूस, थोडी केळी आणि विहिरीच्या पाण्यावर ऊस. घरात गुजरी, गावात अहिराणी. मंजी दोन्ही एका घासात बोलायची. त्या फाल्गुनात तिला भाऊ झाला. पाच वर्षं जी सगळ्यांच्या मांडीवर बसायची, तिला आता कुणी मांडी देईना. तिने जेवण सोडलं. भाकरीचा पापुद्रा काढून त्याला भोकं पाडत बसायची. मला ते बघवेना. एके दिवशी मी म्हणालो, चल, तुला जंगल दाखवतो. वाघाचं जंगल.

आज लोक पोरांना घेऊन अभयारण्यात जातात. जीप असते, तिकीट असतं, वाटाड्या असतो. मागच्या दिवाळीत माझी पणती असंच एक जंगल पाहून आली आणि मला म्हणाली, पणजोबा, तुम्ही कधी गेला होता का? मी म्हणालो, नाही. तेवढं एक खोटं आणखी. आमच्या वेळी नुसतं राखीव जंगल होतं. वाटेत चुना लावलेला हद्दीचा दगड लागला की समजायचं, इथून पुढे सरकारचं.

गाडी जुंपली तेव्हा शेजारचा दगडू ओट्यावरून ओरडला, "काय पाटील, पोरले वाघ दावाले लई चालनात का? वाघ तुमले दखीसन पळी जाई!"

वाटभर मंजीचे प्रश्न. "आबा, वाघ बठेल व्हई का उभा?"

"बठेल व्हई. उन्हामा कोन उभं ऱ्हास?"

तिला ते पटलं. ती माझ्या मांडीवर टेकली आणि मी गाडीत बांधलेली दशमी तिने स्वतः मागून घेतली. किती दिवसांनी ती पोटभर जेवत होती. त्या दशम्यांचा गुळाचा वास, बैलांच्या घुंगरांचा आवाज, तिच्या केसांतलं तेल, हे सगळं मला आजही हवंसं वाटतं आणि लगेच पुढचं आठवतं. ती सकाळ एकटी आठवावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केले. ती एकटी येत नाही.

रुमाल्या आमच्याकडे कापूस वेचायला यायचा, दर वर्षी, बायकोबरोबर. उंच, सडपातळ, कानात चांदीची बाळी. त्याचा पाडा डोंगराच्या पहिल्या चढावर. गाडी त्याच्या दारात सोडली आणि तो आम्हाला घेऊन वर निघाला. मंजीला त्याने खांद्यावर घेतलं. तिने लगेच विचारलं, वाघ कुठे?

"वाघ आते कोठे शे, माय?" तो हसला. "वाघ साहेब लोके मारी लई गयात. आते नुसता साहेब ऱ्हायनात."

मंजीचा चेहरा पडला. म्हणून त्याने तिला मोर दाखवला, साळिंदराचा काटा दिला, अस्वलाने नखं मारलेलं खोड दाखवलं. आणि मग त्याचं मोहाचं झाड. झाड सरकारचं, फुलं रुमाल्याच्या घरची, असं तिथे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. पानं गळून गेलेली आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके. पहाटे पडलेली फुलं त्याच्या बायकोने वेचून खाली अंगणात वाळत घातली होती; उरलेली अजून टपटप पडत होती. मोहाचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगता येत नाही. गोड, जड, थोडा आंबूस, कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा. मंजीने एक फूल तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

मोहाखालची जमीन साफ लागते, नाहीतर पाल्यात फुलं दिसत नाहीत. त्यासाठी डोंगरातले लोक पाला जाळतात हे मला ऐकून माहीत होतं. पण रुमाल्याच्या झाडाखाली जळल्याची खूण नव्हती. बुंध्याभोवती झाडून घेतलेलं एक स्वच्छ वर्तुळ होतं आणि पाला एका बाजूला ओढलेला.

"जाळतस नही का?" मी विचारलं.

"आम्ही आठे आग लावतस नही, झाडतस," तो म्हणाला. त्याने हाताने चढ दाखवला. झाडाच्या मागे कमरेएवढं पिवळं गवत, त्याच्यावर बांबू, त्याच्यावर डोंगर. "दुपारले वारा खालतून वर चढस. लावनं व्हयनं ते पहाटे, दव ऱ्हास तवय, आनि चार जन हिरव्या फांद्या लई उभा ऱ्हातस."

मी मान हलवली. ऐकलं मात्र नाही. ऊस तोडून झाला की शेतात जे पाचट उरतं ते मी बारा वर्षांचा असल्यापासून जाळत आलो होतो. वारा पाहून, पाटाच्या कडेने, एका काडीत एकरभर. गावात कुणाला पाचट पेटवायचं असलं की मला बोलवायचे. आग मला कळते असा माझा लौकिक होता. एक कापूस वेचणारा माणूस मला आगीबद्दल सांगतो आहे, एवढंच माझ्या कानात शिरलं.

तो पाणी आणायला खालच्या झऱ्याकडे गेला. "आठेच बठा," म्हणाला.

आम्ही बसलो. वर्तुळाच्या जरा बाहेर, सावली होती तिथे. पाल्यात काहीतरी सरसरलं आणि मंजी किंचाळली. "आबा, इच्चू शे! इच्चू!" मी तिला उचललं. विंचू होता की सरडा, मला आजही माहीत नाही. ती रडायची थांबेना. मी म्हणालो, थांब, सगळा पाला साफ करून टाकतो, मग एकही विंचू राहणार नाही. खिशातून काडेपेटी काढली. पाटाच्या कडेने लावायची तशी पाल्याच्या कडेला लावली.

पण तिथे पाट नव्हता. सपाट रान नव्हतं. आमच्या शेतात आग चालते, पावलापावलाने, तिच्या मागून माणूस चालू शकतो. इथे ती एक क्षण पाल्यात कुजबुजली आणि मग गवतात शिरून अंगावर सोडलेल्या जनावरासारखी वर धावली. मी जोडा काढून मारू लागलो. त्याने काही होईना. बांबू फुटायला लागले, बंदुकीसारखे. मंजी माझ्या धोतराला धरून उभी होती आणि रडतही नव्हती.

रुमाल्या धावत आला. घागर टाकली, मंजीला उचलून माझ्या हातात कोंबली, मला पाड्याच्या वाटेला ढकललं आणि फांदी मोडून आगीत घुसला. आम्ही खाली पाड्यावर पोचलो तोवर आकाशातून काळ्या पानांची राख पडू लागली होती. वाळत घातलेल्या फुलांवर, मंजीच्या केसांवर, गाडीच्या बैलांवर. दिवस कलता वारा फिरला, त्याने ठिणग्या खाली आणल्या आणि त्याच्या अंगणातली कुडाची भिंत पेटली. ती लोकांनी विझवली. पण फुलं गेली. पावसाळ्याचे चार महिने त्या घरात जे खायचं, ते गेलं. रुमाल्या संध्याकाळी खाली आला तेव्हा त्याच्या हातांची कातडी कोपरापर्यंत सोललेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलाचे लोक आले. आम्ही रात्र पाड्यावरच काढली होती. साहेब खाटेवर बसला, कारकुनाने कागद काढला. साहेबाला काही विचारायचं नव्हतंच. मोहाचे दिवस, मोहाचं झाड, झाड कुणाचं, रुमाल्याचं. तरी तो मला म्हणाला, "पाटील, तुम्ही हजर होता. सांगा."

मी तोंड उघडण्याआधी रुमाल्या म्हणाला, "काडी ह्या भाऊनी वढी. मी पानीवर व्हतू."

साहेब हसला. कारकूनही हसला. "पाटील तुझं जंगल पेटवायला ब्राह्मणपुरीहून आले होय रे?"

मंजी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा सदरा ओढला आणि सरळ साहेबाकडे पाहत म्हणाली, "मन्हा आबानी लायी. इच्चूसाठे."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात एवढी सोपी जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही. पाच वर्षांच्या पोरीने दार उघडून धरलं होतं, मला नुसतं पाऊल टाकायचं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "लेकरू घाबरलंय, साहेब. काल रात्रभर बडबडत होतं."

पंचनामा वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की सदर इसमाने मोहाची फुलं वेचण्यासाठी पाला पेटवला. पंच म्हणून मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, सातवीची फायनल पास आहे मी. सही करताना अक्षर चांगलं यावं याकडे माझं लक्ष होतं, हेही मला आठवतं.

इथपर्यंतचं पाप मी कधी ना कधी कबूल केलं असतं असं मला वाटतं. पुढचं लिहायला हात अडतो.

परतीच्या वाटेवर, गाडीत, मी मंजीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आग कोनी लायी?"

"तुमीन."

"नही. रुमाल्यानी लायी. सांग."

तिने तोंड फिरवून बैलांकडे पाहिलं.

"सांग, मन्ही माय. कोनी लायी?"

"रुमाल्यानी."

"कसाले?"

"माहीत नही."

"मोहाना फुलंसाठे. सांग."

"मोहाना फुलंसाठे."

लिंबाच्या झाडापाशी पुन्हा विचारलं. नाल्यावर पुन्हा. शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. गावच्या शिवारात शिरलो तेव्हा ती न विचारता म्हणू लागली होती, पाय हलवत, गाण्यासारखं. घरी आजीने विचारलं, तिने सांगितलं. शेजारच्या बायकांनी विचारलं, तिने सांगितलं. प्रत्येक वेळी थोडं वाढवून. पोरांना वाढवायला आवडतं. चकमक तिनेच घातली, कधीतरी आठ-नऊ वर्षांची असताना. मी शेजारी बसून ऐकत होतो. लोक म्हणायचे, पोरीची आठवण केवढी!

रुमाल्या पावसाळा संपेपर्यंत तुरुंगात होता. त्या वर्षी कापसाला त्याची बायको आली, दुसऱ्याच्या शेतावर. आमच्या बांधावरून रोज जायची. डोक्यावर पाटी, मागे दोन पोरं. तिने बांधाकडे कधी पाहिलं नाही. मी मात्र तिची वेळ झाली की विहिरीवर जाऊन मोट उगाच तपासत बसायचो.

दोन-तीन वर्षांनी तळोद्याच्या बाजारात तो मला दिसला. चारोळीचे दाणे घेऊन बसला होता. मी कापडाच्या दुकानाआड व्हायला गेलो, पण त्याने पाहिलं होतं. हातांवरची कातडी गुलाबी, चकचकीत, नवी होती. मी जवळ गेलो. म्हणालो, "कसा शे, रुमाल्या?"

तो चारोळी मापत होता. मापतच म्हणाला, "पोर मोठी व्हयनी व्हई. तिले काय सांगेल शे, भाऊ?"

मी म्हणालो, "बरी शे ती."

तो हसला, बाजूला थुंकला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुढे तो गेल्याचं कुणाकडून तरी कानावर आलं. पाडाही पुढे कुठे-कुठे पांगला. त्याची मुलं कुठे आहेत हे मी शोधलं नाही. शोधता आलं असतं.

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होतो. आता वाटतं, त्याने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. त्याची शिक्षा संपली होती. पोरीची चालू होती.

शाळेतून परत आलो त्या संध्याकाळी मी मंजुळाला ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, शिक्षक मुलाची सबब ऐकतो तशी. मग म्हणाली, "आबा, तुमचं वय झालंय. तुम्ही मिसळताय. मी स्वतः पाहिलंय."

"तू विंचवाला भ्यायली होतीस. मी काडेपेटी काढली."

"चकमक होती."

"त्याच्याकडे चकमक नव्हती, मंजी."

"होती! त्याने गुडघा टेकला, डाव्या हातात दगड होता, मला ठिणगी दिसली." तिचा आवाज चढला. "तुम्ही कुठे होता मला आठवत नाही, पण तो मला दिसतोय."

मी तिला गाडीतलं सांगितलं. लिंबाचं झाड, नाला. प्रश्न आणि उत्तरं. तिचे ओठ हलले. मी पाहिलं, ती मनातल्या मनात ते म्हणत होती, त्याच चालीवर. साठीच्या पुढची बाई. मग ती उठून आत गेली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण ताटात वाढून जायची. मी त्या चार दिवसांत किती वेळा उठलो आणि बसलो, त्याला गणती नाही.

पाचव्या दिवशी म्हणाली, "आबा, अंगरखा घाला. शाळेत जायचंय."

वाटेत एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण डोळे मिटले की मला अजून तोच दिसतो. आता मी काय करू?"

परीक्षा संपत आल्या होत्या, मुलं थोडी होती. ती वेण्यांची मुलगी होती. मंजुळाने उभं राहून सांगितलं की मागच्या वेळी तिने जे सांगितलं ते चुकीचं होतं, आणि खरं काय ते तिचे वडील सांगतील. मला खुर्चीतून उठायला तिने हात दिला नाही. माझा मी उठलो. सांगितलं. काडी, पाला, सही, सगळं. गाडीतलंही सांगितलं. रुमाल्याचं नाव दोनदा घेतलं.

मग तीच मुलगी उभी राहिली. "बाबा, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"भीती वाटली."

"तुरुंगाची?"

हो म्हणता आलं असतं. मुलांना ते पटलं असतं, मंजुळालाही. पण मला तुरुंगात कोण घालणार होतं? साहेबाने चहा मागवला असता, चूक झाली म्हणून लिहिलं असतं, मी थोडाफार दंड भरून जेवायला घरी आलो असतो. हे मला त्या सकाळीही माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो. "गाव हसेल याची. एवढा शेतकरी, आणि याला आग लावता येत नाही, असं दगडू ओट्यावर बसून म्हणेल, याची."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं, अजून काहीतरी सांगायचं राहिलं आहे. मंजुळाही माझ्याकडे बघत होती. तिलाही तसंच वाटत असावं.

"एवढ्यासाठी?" मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "एवढ्यासाठी."